विजयेचे आठ थेंब

आधी एक सांगून टाकते, मी अडाणी नाही. असते तर बरं झालं असतं, अडाणीपणाला माफी असते. मी एकतीस वर्षं म्हैसूरच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं. कुठलं औषध पोटात गेल्यावर कुठं जातं, काय करतं, किती वेळानं उतरतं, हे सांगणं हा माझा धंदा. चुकीचं उत्तर दिलं की पोरांना भर वर्गात उभं करून सोलून काढायची मी. ‘वेदवती मॅडम आल्या’ म्हटलं की व्हरांडा रिकामा व्हायचा आणि मला त्याचा केवढा तोरा! जळला मेला तो तोरा.

आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. गोदावैनी ही माझ्या थोरल्या भावाची, तिरुमलअण्णाची बायको. एच. डी. कोट्याहून लग्न होऊन आली तेव्हा ती अठराची, मी सातची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या वेण्या वैनीनं घातल्या. पहिल्यांदा बाजूला बसायची वेळ आली तेव्हा मी मरणार म्हणून रडत होते, तर काय ते समजावून तिनंच सांगितलं. पुढं ‘मला लग्न नको, मी शिकणार’ म्हणून मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा अण्णा लालेलाल झाला होता. वैनी चुलीपुढून एवढंच म्हणाली, “शिकू दे की हो तिला.” झालं. मी शिकले. आज मी सहासष्टची, ती सत्त्याहत्तरची, अजून त्याच घरात वरच्या खोलीत मी राहते आणि तिच्याच हातचं जेवते. जेवत होते, असं म्हणायला हवं.

वैनीची मडी, म्हणजे सोवळं, कडक. कांदा-लसूण सोडाच, मी बाहेरून आणलेल्या बिस्किटाच्या पुड्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नाही. एकादशीला तोंडात पाण्याचा थेंब नाही, औषध नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पहाटे उठून स्वयंपाक, नैवेद्य, मग पारणं. मी चिडवायची तिला, “वैनी, तुझ्या देवाला तरी विचार, त्याला इतकी शिस्त झेपते का?” ती हसायची आणि माझ्या पानात आणखी एक डाव वाढायची.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला नागीण झाली. पुरळ महिन्याभरात गेलं, दुखणं मात्र ठाण मांडून बसलं. डाव्या बरगडीखाली निखारा ठेवल्यासारखं जळायचं. ब्लाउजचं कापड घासलं तरी “अय्यो देवरे” म्हणून तिथंच थांबायची. मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तिला भोवळ यायला लागली, एकदा न्हाणीघरात पडली. त्या बंद केल्या. मग मीच तिला देवराज मोहल्ल्यातल्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, सगळं विचारून घेतलं आणि चिठ्ठी लिहून दिली. विजयेचं तेल. विजया म्हणजे भांग. लपूनछपून काही नाही, वैद्याच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांना नीट सांगून द्या हं, मॅडम.” मी म्हटलं, “अहो, मला काय सांगता!”

आता दोन मिनिटं मास्तरीण बोलतेय असं समजा, कारण हे कळल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. भांगेतल्यासारखी द्रव्यं आपलं शरीर स्वतःच बनवतं. त्यातल्या एकाचं नावच शास्त्रज्ञांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून ठेवलंय. गच्चीवरची टाकी भरली की आपण वरून ओरडतो ना, “पुरे, मोटार बंद कर!”, तेच काम ही द्रव्यं नसांमध्ये करतात. एक नस दुसरीला वेदनेचा निरोप देत सुटते, तेव्हा निरोप घेणारी उलट सांगते, पुरे, आता गप्प. वैनीच्या दुखऱ्या नसेला गप्प करणारं कुणी उरलं नव्हतं. भांगेतला एक अंश बाहेरून येऊन त्याच जागी बसतो आणि तो “पुरे” म्हणतो. पण त्या जागा काही बरगडीतच नसतात. मेंदूत असतात, आठवणीच्या भागात, भुकेच्या भागात, भीतीच्या भागात. मात्रा जास्त झाली की तिथंही “पुरे, पुरे” सुरू होतं किंवा भलतंच काही सुरू होतं. सगळ्यांना हे औषध लागू पडतं असंही नाही. म्हणून थेंबाथेंबानं वाढवायचं.

आणि दुसरं, ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, तुपातेलात विरघळतात. कोरड्या खाण्यावर घेतली तर बरीचशी वायाच जातात. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतली तर तेच थेंब रक्तात कितीतरी पट जास्त उतरतात. वर यकृत त्यातल्या नशेच्या अंशाचं आणखी जोरदार रूप करून सोडतं. म्हणून नियम असा की रोज एकाच वेळी, एकसारख्या खाण्याबरोबर घ्यायचं. हे मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायची.

घरी आल्यावर वैनीनं विचारलं, “कसलं गं औषध?”

भांग म्हटलं असतं तर बाटली तुळशीजवळसुद्धा ओतली नसती तिनं, थेट गटारात. मी म्हटलं, “पाल्याचं आहे. आयुर्वेदातलं.”

“कसला पाला?”

“डोंगरावर होतो कसलासा. तू घे गं, चौकशा नको.”

“बरं बाई. तू म्हणतेस तर घेते,” ती म्हणाली आणि जीभ पुढं केली. सात वर्षांच्या मला ती एरंडेल पाजायची तेव्हा मी किती प्रश्न विचारायची! तिनं एकच विचारला आणि मी तो उडवून लावला.

आषाढात सुरू केलं. चार थेंबांपासून हळूहळू आठवर नेलं, रोज संध्याकाळी. तो चातुर्मास होता. पहिल्या महिन्यात भाज्या नाहीत, मग दही नाही, मग दूध नाही, मग डाळी नाहीत, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. पण वैनीनं त्यावर आपला एक नेम धरला होता. दुखणं जावं म्हणून चार महिने तूप सोडलं. भात शुद्ध करायला वर पडतो तो एक थेंब, बाकी तूप नाही. रात्री तर कोरडे पोहे आणि केळं. त्या कोरड्या पोह्यांवर आठ थेंब बेतले होते मी, आणि बेत जमला. तिसऱ्या आठवड्यात ती ब्लाउजचं हुक लावताना थांबली नाही. श्रावणात भजनी मंडळात परत जायला लागली. तीस वर्षं ती त्या मंडळाची पुढारीण, दासांची, म्हणजे कानडी संतांची, शंभरेक पदं तिला तोंडपाठ. दुखणं पूर्ण गेलं नाही, निम्म्यावर आलं. “वेदाच्या हाताला गुण आहे,” असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. मी नुसती फुगत होते.

कार्तिकातली उत्थान द्वादशी आली. चातुर्मास संपला, नेम सुटले. आदल्या दिवशी एकादशी, म्हणून थेंब नाहीत. पहाटे चारपासून वैनी मडीत स्वयंपाकाला उभी, बरगडी पेटलेली. मला बघवेना. पारण्याची पानं मांडली आणि मी तिच्या पहिल्या भाताच्या घासावर आठ थेंब मोजून टाकले. आठच. मोजण्यात मी कधी चुकत नाही. अण्णा तुपाचं भांडं घेऊन आला. “चार महिने कोरडं खाल्लंस, आज नाही म्हणायचं नाही.” भातावर तूप, हादग्याच्या पाल्याच्या भाजीवर तूप, हयग्रीव म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गुळाचं पक्वान्न, ते तर तुपात पोहत होतं. उपाशी पोट, वर ते तूप, आणि त्यात माझे आठ थेंब. मी समोर बसून हे सगळं बघत होते. मीही हयग्रीव दोनदा घेतलं. एकतीस वर्षं फळ्यावर दोन रेघा ओढणारी बाई बोटं चाटत बसली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

नऊ वाजता मंडळाच्या बायका आल्या. संध्याकाळी तुळशीचं लग्न, त्याची तयारी करायची आणि पदांचा सराव. आठ-दहा जणी होत्या, त्यात मंडळातली दुसरी जुनी गाणारी सीतालक्ष्मी. शेजारची पुष्पावतीही होती. तिच्या घरचे एके काळी साड्या रंगवायचे, आता ती साड्यांना फॉल लावून देते. वैनीनं पद धरलं. पहिली ओळ म्हटली. परत पहिली ओळ म्हटली. तिसऱ्यांदा तीच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सीतालक्ष्मीनं पुढचा शब्द सुचवला, तर वैनी तिच्या तोंडाकडे बघून हसायला लागली. हसू थांबेचना. डोळ्यांतून पाणी, पोट धरून हसतेय. दोघीतिघी आधी हसल्या, मग त्यांचं हसू वाळलं.

मग वैनी उठली. संध्याकाळच्या नैवेद्याचं हयग्रीव वेगळं काढून देवघराच्या उंबऱ्याशी झाकून ठेवलेलं होतं. तिनं झाकण काढलं, हात घातला आणि खायला लागली. देवाच्या आधी. उभ्या उभ्या. हाताला लागलेलं चाटून परत त्याच भांड्यात हात. आमच्या घरात तान्ह्या मुलालाही त्या भांड्याकडे बोट दाखवू देत नाहीत!

“अय्यो गोदम्मा, एनु इदु, हे काय करताय?” सीतालक्ष्मी किंचाळली.

त्या आवाजानं वैनी भानावर आली, अर्धवट. हाताकडे बघितलं. तोंड पांढरंफटक. “वेदा, माझं काळीज बघ कसं धावतंय. वेदा, हे हात माझे नव्हेत गं,” म्हणत ती पुष्पावतीनं नुकत्याच घातलेल्या रांगोळीत मटकन बसली.

मला तेव्हाच कळलं. ती हसायला लागली त्याच क्षणी कळलं होतं. तूप, उपास, थेंब, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढं उभं राहिलं. धोका नव्हता, नाडी मी धरूनच होते. पाच-सहा तासांत उतरणार हेही ठाऊक होतं. तिला खोलीत नेऊन निजवलं आणि बाहेर आले. बायका दाराशी घोळका करून उभ्या. त्यातली एक हलक्या आवाजात म्हणाली, “हिच्या आईचं असंच झालं होतं म्हणे शेवटी.” तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. ‘तिला काही झालेलं नाही, मी दिलेल्या औषधाचा अंमल आहे.’ पण मग कुणीतरी विचारलंच असतं, कसलं औषध? आणि मी, मेडिकल कॉलेजातली मॅडम, त्या सोवळ्या बाईला न सांगता भांग पाजली हे त्या अंगणात बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, “दमली आहे. उपास, वय. तुम्ही निघा आता.” मूग गिळून बसले.

वैनीच्या आईचं खरंच तसं झालं होतं. कोट्याला, माहेरच्या मागच्या खोलीत, शेवटची चार वर्षं. बाहेर पळायची, कुणाचंही ताट ओढायची, म्हणून लुगड्यानं खाटेला बांधून ठेवायचे. वैनी हे एकदाच बोलली होती माझ्याजवळ, आणि बोलताना तिनं स्वतःचंच मनगट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. जिना चढून, धापा टाकत. तिला सगळं लख्ख आठवत होतं.

“वेदा, तू शिकलेली. खरं सांग. हे आईचंच ना?”

“काहीतरीच काय! थकवा असतो.”

“थकव्यानं कुणी देवाचं उष्टं करतं का?”

मी खिडकीबाहेर बघितलं. “वय झालं की होतं असं कधीतरी,” मी म्हटलं. बघा, मी काय बोलले ते. नाही म्हणायला गेले आणि हो म्हणून आले. ती मान हलवून खाली गेली.

मी थेंब बंद केले. तिला म्हटलं औषध संपलंय. बरगडी परत पेटली, झोप उडाली. झोप उडाली तशी ती खरंच गोष्टी विसरायला लागली. दुधावर लक्ष राहीना, चष्मा सापडेना. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची, ‘बघ, झालं ना सुरू’ अशा नजरेनं. स्वयंपाकघरात जाणं तिनं आपणहून सोडलं. “मी नैवेद्याला हात लावायच्या लायकीची नाही,” म्हणाली. मंडळ सीतालक्ष्मीच्या हवाली केलं. पदांची वही पुष्पावतीबरोबर पाठवून दिली, स्वतः गेलीही नाही. अण्णा, बिचारा, बाहेर जाताना शेगडीची बटणं काढून खिशात घालून जायला लागला. सोवळ्यात रांधणाऱ्या डबेवालीचं जेवण आम्ही तिघं खाली मान घालून जेवायचो. मी रोज ठरवायची, उद्या सांगते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, कुणी नुसतं “वेदा” म्हणून हाक मारली तरी मी जिन्याकडे वळायची.

पंधराव्या दिवशी अण्णानं तिला विसराळूपणाच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. डॉक्टर अनंतकृष्ण. माझाच विद्यार्थी. मला बघून खुर्चीतून उठला, वैनीला हात धरून बसवलं. तिला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. रात्रभर न झोपलेली माझी वैनी. तिनं काटे काढलेच नाहीत, नुसतं वर्तुळ काढून पेन्सिल खाली ठेवली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, दोन विसरली. डॉक्टरांपुढं पदर तोंडाला लावून रडली. त्यानं चालू औषधांची यादी मागितली. मी सांगितली, रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम.

“आणखी काही? काढा, तेल, घरगुती काही?” मग हसून अण्णाला म्हणाला, “मॅडमनीच शिकवलंय आम्हाला. पेशंटला काय होतंय ते मागून विचारा, आधी तो काय खातोय ते विचारा.”

“नाही,” मी म्हटलं. “बाकी काही नाही.”

इतकं सहज आलं ते तोंडातून! जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात, मला वाटतं जमिनीलाही मी नको असते. त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, त्या आल्यावर अण्णाला फोन करून विसराळूपणावरची गोळी सुरू करायला सांगितली. रोज एक, कायमची.

गोळ्या घरी आल्या तो गुरुवार होता. बाविसावा दिवस. सकाळी वैनी अंगणात तुळशीपाशी बसली होती, एका तळहातावर ती पांढरी गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मला जवळ बोलावलं.

“गोळी घेण्याआधी तुझ्याकडून एक वचन हवंय, वेदा. अजून थोडं कळतंय तोवर मागून घेते. मला आईसारखं बांधू नका. तुझ्या अण्णाला ते बघवणार नाही, तूच बघशील म्हणून तुला सांगते. तशी वेळ आली तर कुठं तरी ठेवा नेऊन, कुठंही. पण बांधू नका.”

मी तिच्या हातातली गोळी हिसकावून घेतली. दूर भिरकावली. मग सगळं ओकले. भांग, वैद्य, कोरडे पोहे, तूप, आठ थेंब. नीट सांगता येत नव्हतं, वर्गात एखाद्या ढ पोराची व्हायची तशी गत झाली होती माझी. ती ऐकत होती. मग म्हणाली,

“थांब. म्हणजे मी वेडी नव्हे?”

“नाही गं.”

“ते औषधानं झालं? हसणं, ते नैवेद्याचं, सगळं?”

“सगळं औषधानं. नंतरचं विसरणं झोप नव्हती म्हणून.”

“आईचं नव्हे?”

“नव्हे.”

तिनं तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. “बाई गं! जीव वाचवलास माझा! अहो, ऐकलंत का, मला काही झालेलं नाही! वेदा सांगतेय, काही झालेलं नाही!” हसत होती, रडत होती, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होती. तिला राग यायला हवा होता. मी मार खायला तयार होते, आणि ती माझी दृष्ट काढत होती! मला वाटलं, असंच संपावं. खरंच वाटलं, नाही कशाला म्हणू?

मग तिचे हात थांबले. चेहऱ्यावरून खाली आले.

“तुला कधी कळलं गं हे?”

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. “त्याच दिवशी. तू हसायला लागलीस तेव्हाच.”

“डॉक्टरकडे गेलो तेव्हा ठाऊक होतं?”

“हो.”

अण्णा दारात येऊन उभा होता, त्याला कमी ऐकू येतं, तो नुसता आम्हा दोघींकडे बघत होता.

“भांग दिलीस, ते मी देवाला सांगेन,” वैनी म्हणाली. “त्याचं तो बघून घेईल. तू माझ्या बऱ्यासाठीच दिलीस, तेवढं मला कळतं. पण मी तुला विचारलं होतं गं, वेदा. जिना चढून वर आले होते. आईचंच ना हे म्हणून तुलाच विचारलं होतं मी.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी सोसलं असतं. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं ते आत ओढून घेतले. “मडीत आहे,” म्हणाली. मडीत नव्हती ती.

त्यानंतर मी सगळीकडे गेले. मंडळाच्या बायकांपुढं उभी राहून कन्नडात सांगितलं, एकदा नाही, दोनदा, कारण सीतालक्ष्मीनं ‘परत सांगा’ म्हटलं. अनंतकृष्णाला जाऊन सांगितलं. त्यानं त्या दिवशीच्या कागदावरचं सगळं खोडून नव्यानं लिहिलं, तपासणी परत करू म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता “ठीक आहे, मॅडम” म्हणाला. वैद्यांनी तर हात जोडले मला, जा म्हणून.

वैनीनं मठात विचारून घेतलं. औषध म्हणून घेतलं तर दोष नाही, असं उत्तर आलं. मग ती स्वतः अण्णाबरोबर देवराज मोहल्ल्यात गेली आणि नवी बाटली घेऊन आली. दुपारी ओसरीवर बसून तिनं खोका उघडला. मी समोरच बसले होते, चष्मा नाकावर. खोक्यावरची अक्षरं बारीक, इंग्रजीत. वैनी चौथीपर्यंत कन्नड शिकलेली, तिला ती वाचता येणं शक्य नव्हतं. मी हात पुढं केला. तिनं खोका पदरात घेतला आणि शेजारी हाक मारली.

“पुष्पा, जरा ये गं. हे वाचून दाखव.”

पुष्पावती सुई-दोरा गळ्यात तसाच अडकवून आली. सातवी शिकलेली ती. खोका डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावायला लागली. व्ही, आय, जे. दर शब्दाला ठेचकाळत होती. किती थेंब, कशाबरोबर, काय टाळायचं. वैनी कान देऊन ऐकत होती, बोटांवर मोजत होती. एका ठिकाणी पुष्पावतीचं चुकलं. माझ्यानं राहवेना, मी तोंड उघडलं.

“राहू दे, वेदा,” वैनी म्हणाली. “ती वाचतेय ना.”